मरणाचं दरपत्रक

सुझान कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स' (२००८) या कादंबरीतला गेल १८ वर्षांचा आहे आणि सोडतीत त्याच्या नावाच्या ४२ चिठ्ठ्या आहेत. वयाच्या बाराव्या वर्षी एक, मग दरवर्षी एकेक वाढत जाणारी, अशा सक्तीच्या चिठ्ठ्या होतात सातच. उरलेल्या ३५ त्याने आपणहून टाकल्या. एक जादा चिठ्ठी टाकली की घरातल्या एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल एवढं धान्य आणि तेल मिळतं. खाणारी तोंडं पाच, वर्षं सात. महापौरांच्या मुलीच्या चिठ्ठ्या पाच. तिच्या घरी धान्याची ददात नाही. नाव निघालेल्या २४ मुलांनी कॅमेऱ्यांसमोर एकमेकांना मारायचं, एकच वाचणार. सोडत मात्र कागदोपत्री सगळ्यांना सारखी!

या जातीच्या कथांमधलं रक्त लवकर विसरायला होतं, डोक्यात राहतो तो हा हिशेब. स्टीफन किंगने रिचर्ड बाखमन या टोपणनावाने लिहिलेल्या 'द रनिंग मॅन'मध्ये (१९८२) तर चक्क दर ठरलेले आहेत. बेन रिचर्ड्स बेकार आहे, तान्ही मुलगी आजारी आहे, औषधाला पैसे नाहीत. म्हणून तो टीव्ही कंपनीच्या दारात रांगेला लागतो. मारेकऱ्यांना चुकवून जगलेल्या दर तासाला १०० डॉलर, ३० दिवस तग धरला तर एक अब्ज. त्याची खबर देणाऱ्या प्रेक्षकालाही बक्षीस, म्हणजे गरिबाच्या मागावर गरीबच. त्याच वाहिनीच्या दुसऱ्या एका खेळात हृदयरोग्यांना ट्रेडमिलवर चालवतात, पैसे मिनिटावर.

या कादंबरीवरच्या १९८७च्या चित्रपटात श्वार्झनेगर आला आणि आजारी मुलगी गेली. नायक झाला खोट्या आरोपात अडकवलेला पोलीस, जबरदस्तीने खेळात ढकललेला. खेळाच्या करारावर सही करायला लावणारी गरिबीच काढून टाकल्यावर राहिली ती मारामारी. एडगर राइटने २०२५च्या चित्रपटात ती मुलगी परत आणली, हे बरं केलं.

'स्क्विड गेम' (२०२१) या कोरियन मालिकेत जीवघेणे खेळ खेळतात ती कर्जात बुडालेली माणसं, आणि प्रेक्षक म्हणजे मुखवटे घातलेले मूठभर धनाढ्य. मला तिचा सर्वांत भेदक भाग दुसरा वाटतो, ज्यात एकही खेळ नाही. पहिल्या खेळातून वाचलेले २०१ जण मतदान करतात, १०१ विरुद्ध १०० मतांनी खेळ थांबतो, सगळे घरी जातात. घेणेकरी तिथेच असतात. १८७ जण परत येतात. नायक गी-हुन हा संपात होरपळलेला कारखान्यातला कामगार, आणि त्यामागे २००९चा सांगयाँग मोटरचा संप असल्याचं दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्योकने सांगितलं आहे. २,६४६ कामगारांच्या कपातीविरुद्ध तो ७७ दिवस चालला. पुढे ही कंपनी आपल्या मुंबईच्या महिंद्राने विकत घेतली होती.

अशा खेळासाठी लोक खरंच रांग लावतील का? १९७०मध्ये पश्चिम जर्मनीच्या टीव्हीवर 'दास मिलिओनेनश्पील' हा चित्रपट दाखवला गेला. रॉबर्ट शेकलीच्या १९५८च्या कथेवर बेतलेला: सात दिवस मारेकऱ्यांना चुकवा, दहा लाख मार्क मिळवा. निवेदक टीव्हीवरचा खराखुरा, मध्ये मध्ये खोट्या जाहिराती. बऱ्याच प्रेक्षकांना तो खराच कार्यक्रम वाटला. काही संतापले. काहींनी मात्र पुढच्या वेळी भाग घ्यायची तयारी कळवली. पळणारा म्हणून, आणि मारेकरी म्हणूनही.