आधी बूड बघायचं

टोरांटोतल्या एका फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर जुनी गोधडी अंथरलेली. तिच्यावर पाच-सहा दगड. काकांनी अंगठी आणि घड्याळ उतरवलं, मलाही बांगड्या काढायला लावल्या. "हं, उचल आता. पण कानाला धरू नकोस. दोन्ही हातांनी, बुडाखालून."

कान अस्वलाचे होते. काळपट हिरव्या दगडातलं, तीन पाय हवेत टाकून एका पायावर तोललेलं अस्वल. बॅफिन बेटालगतच्या किनगाइटचं, म्हणजे जुन्या नकाशावरच्या केप डॉर्सेटचं. नाचऱ्या अस्वलांची ही तऱ्हा तिथल्या पाउटा सैला यांनी गाजवली. हे त्यांच्या हातचं नव्हे. मी अस्वलाच्या तोंडाकडे बघत बसले तर काकांनी ते सरळ उलटं केलं. तळव्यावर तिथल्या इनुइट लोकांच्या लिपीतली चार अक्षरं आणि 'ई ७'ने सुरू होणारा एक आकडा.

हा आकडा शिल्पाचा नव्हे, माणसाचा. इनुइटांमध्ये आडनावं नसत आणि त्यांची नावं सरकारी कारकुनांना लिहिता येत नसत. म्हणून 1941 पासून कॅनडा सरकारनं प्रत्येकाला क्रमांक दिला. तो कोरलेली छोटी चकती जवळ बाळगायची, गळ्यात घाला नाही तर कपड्याला शिवा. ई म्हणजे ईस्ट, पूर्व विभाग, पुढचा आकडा जिल्ह्याचा. गुरांना मारावा तसा बिल्ला. 1970च्या सुमारास एब ओकपिक या इनुइट गृहस्थांनी गावोगाव फिरून लोकांची आडनावं नोंदवली आणि चकत्या मागे पडल्या. पण तोवर कोरणाऱ्यांनी आपले क्रमांक दगडांवर घातले होते. आज त्यांच्यावरूनच कर्ता सापडतो. क्रमांक जुळला की काकांना होणारा आनंद मी पाहिला आहे. तो मला थोडा खुपतोही.

हस्तिदंती रंगाच्या वॉलरसच्या सुळ्यातलं बारीक कोरीव काम तिकडे फार जुनं. दुकानात मांडायचे मोठे दगड मात्र अलीकडचे. 1948 मध्ये जेम्स ह्यूस्टन नावाचा चित्रकार इनुकजुआक या इनुइट वस्तीत पोचला, लहान कोरीव वस्तू घेऊन परतला, आणि पुढच्या वर्षी मॉन्ट्रियलला त्यांची विक्री झाली. कोल्ह्याच्या कातड्याचा भाव पडलेला होता, लोकांना पैसा हवा होता. सोपस्टोन, म्हणजे आपल्या शंखजिऱ्याचा भाऊबंद, नखानं ओरखडतो. किनगाइटचा सर्पेंटाइन त्याहून कठीण, त्यावर चकाकी चढते. अर्वियातचा करडा दगड तर कानशीलाही दाद देत नाही. म्हणून तिथल्या लुसी टासेओर यांच्या शिल्पात दगड जवळजवळ तसाच राहतो आणि कडेकडेनं नुसते चेहरे डोकावतात. काकांच्या संग्रहातलं मला सगळ्यात आवडलेलं शिल्प त्याच गावचं, ओबडधोबड, मुठीएवढं.

खोटा माल ओळखायचा तर आधी गालाला लावायचा. दगड गार लागतो; दगडाची पूड राळेत कालवून साच्यात ओतलेलं अस्वल कोमट लागतं. त्याच्या बुडाला बहुधा फेल्ट चिकटवलेलं असतं. साच्याची शिवण दिसू नये, दुसरं काय! 1958 पासून खऱ्या मालाला इग्लूचं चित्र असलेली सरकारी चिठ्ठी मिळू लागली. पण चिठ्ठी दोऱ्यानं बांधतात, आणि दोरा कुणालाही सोडवता येतो.

कपाटाच्या वरच्या फळीवर एकच मडकं आहे. त्याच्या अंगातून माणसांचे चेहरे बाहेर आलेत. रँकिन इनलेटची निकेलची खाण 1962 मध्ये बंद पडली, तेव्हा बेकार झालेल्या गावात सरकारनं कुंभारकामाची कार्यशाळा काढली, त्या परंपरेतलं. शेजारी आपल्याकडचं प्राचीन काही का नाही, असं विचारलं तर काका हसले.

ते संगमनेरकडचे. लहानपणी प्रवरेच्या पात्रात पोरं लाल खापऱ्या भिरकावत, त्यातल्या काही नाण्यासारख्या खणखणत. जोर्वे तिथून जवळच. 1950-51 मध्ये सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी तिथं उत्खनन केलं. पातळ, लाल, काळ्या रेघांची, टिचकी मारली की वाजणारी ती भांडी जोर्वे भांडी म्हणून ओळखली जातात. तीन हजार वर्षांपूर्वीची. काकांनी एकही खापरी आणली नाही. 1972च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, हे एक कारण. दुसरं कारण पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननाचं. तिथं घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली सापडली, आत तान्ह्या मुलांची हाडं. तीच मडकी कुणी रात्रीतून उपसून विकली असती तर धान्याची मडकी म्हणून शोकेसमध्ये बसली असती. दगडाच्या बुडावर कर्त्याचं नाव असतं. मडक्याची सगळी माहिती त्याच्या बुडाखालच्या मातीत असते.

तेव्हा घ्यायचं असेल तर कोरणाऱ्याचं नाव असलेला दगड घ्या, जमल्यास त्यांच्या सहकारी संस्थेकडून. आणि नांगराच्या फाळाला जुनं मडकं लागलं तर ते उचलू नका. तसंच झाकून पुरातत्त्व खात्याला कळवा.