आम्ही काशीला का गेलो?

आमच्या वस्तीतल्या बायकांची भिशी गेल्या वर्षी संपली. या वेळी पैसे वाटून न घेता सर्वांनी मिळून कुठे तरी जावे असे ठरले. कोणी महाबळेश्वर म्हणाले, कोणी गोवा. मी सारनाथचे नाव काढले आणि ते सर्वांना पटले. परंतु सारनाथला जायचे म्हणजे आधी बनारसला उतरणे आले. दुसऱ्याच रविवारी विहारात एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला बाजूला घेतले. "काय हो, धम्म घेतलेली माणसं काशीयात्रेला नेताय म्हणे?"

त्यांचा राग मला समजतो. माझ्या आजीला आयुष्यभर एकच ध्यास होता, मरण्यापूर्वी काशी पाहायची. १९५६ साली ती नागपूरला गेली, माझी आई तेव्हा सात वर्षांची होती. परत आल्यावर आजीने देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. देव गेले, उपासतापास गेले, पण काशीचे नाव तिच्या तोंडातून गेले नाही. शेवटच्या आजारपणातही ती विचारायची, "काशी किती लांब गं?" म्हणून मी घरी येऊन आईला विचारले, जायचे की नाही? ती म्हणाली, "मला बघायचंय, माझ्या आईला तिथं काय दिसणार होतं ते."

अशी आम्ही अकरा माणसे निघालो. महानगरी एक्सप्रेस मुंबईहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते, त्यामुळे तिकिटावर पाच तारीख असेल तर चार तारखेच्या रात्रीच जेवून घराबाहेर पडायचे असते. मी बी.कॉम. झालेला, कचेरीत वीस वर्षे तारखांचेच काम करणारा, पण हे एका जोडप्याला बजावून सांगायचे राहून गेले. आमची गाडी कल्याण सोडून गेली तेव्हा ते दोघे घरी गाढ झोपेत होते. बिचारे दुसऱ्या रात्री जनरलच्या डब्यातून आले. त्याबद्दल आयुष्यमती अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

बनारसला गंगा उत्तरेकडे वाहते आणि सगळे घाट एकाच काठावर आहेत. अस्सी घाटापासून राजघाटापर्यंत ऐंशीच्या वर घाट आहेत. समोरचा काठ मोकळा, वाळूचा. पहाटे नावेतून पाहिले तर शहर खरोखरच सुंदर दिसते, यात लबाडी कशाला करायची? आपल्याकडचे संबंधही पावलोपावली भेटतात. सध्याचे विश्वनाथाचे मंदिर १७८० साली अहिल्याबाई होळकरांनी बांधले. शिवरायांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाला आलेले गागाभट्ट इथलेच. मराठी बोलणारी घराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत.

घाटावर एका पंड्याने आम्हाला बोलण्यावरून ओळखले आणि चांगल्या मराठीत गाव विचारले, आडनाव विचारले. आमच्याकडे तुमच्या सात पिढ्यांच्या वह्या आहेत, म्हणाला, नाव काढून दाखवतो, पितरांसाठी काही तरी करा. मी काही बोलण्याआधीच आई म्हणाली, "बाबा, आमची नावं तुमच्या वहीत कुणी लिहिलीच नव्हती. उगाच कशाला शोधतोस?" माणूस ओशाळला. पुढे त्यानेच आम्हाला पायऱ्या उतरताना हात दिला, हेही सांगितले पाहिजे.

मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या दोन घाटांवर रात्रंदिवस प्रेते जळत असतात. इथे अग्नी मिळाला की मोक्ष, अशी समजूत. तो अग्नी मिळतो डोम समाजाकडून. लाकडे वाहायची त्यांनी, चिता रचायची त्यांनी, राख चाळायची त्यांनी. आमच्या नावेजवळ बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून राखेची पाटी धूत होता. ज्याच्या हाताशिवाय मोक्षाचे दार उघडत नाही, त्याच्या हातचे पाणी मात्र शतकानुशतके चालत नव्हते. आमच्या मंडळींपैकी कोणी फोटो काढला नाही. आजीला काशीत काय दिसले असते, याचा विचार मी तेव्हा करीत होतो. तिला हा मुलगा दिसला असता का?

दुसऱ्या दिवशी सारनाथ. शहरापासून हे अंतर दहाएक किलोमीटर, रिक्षा सहज मिळतात. वाटेत आधी चौखंडी स्तूप लागतो. पाच जुने सोबती तथागतांना इथे भेटले असे मानतात. त्याच्या माथ्यावरचा अष्टकोनी मनोरा मात्र अकबराच्या काळातला, १५८८ चा आहे. हुमायून तिथे येऊन गेला त्याची ती आठवण.

पुढे मृगदाव, पाली ग्रंथांतले इसिपतन. कौंडिण्य, वप्प, भद्दिय, महानाम आणि अस्सजी या पाच जणांना आषाढी पौर्णिमेला इथे पहिला उपदेश झाला. थोड्याच दिवसांत बनारसच्या एका सावकाराचा मुलगा यश इथे आला आणि त्याच्यामागोमाग त्याची आई व पत्नीही धम्मात आल्या. त्रिशरण घेणाऱ्या त्या पहिल्या उपासिका. भिशीच्या बायकांना मी हे स्तुपासमोर बसून सांगितले, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "म्हंजे पोराच्या मागनं आई आन् सूनबी धम्मात आल्या की!"

धमेक स्तूप पाहून मान दुखते. व्यास सुमारे २८ मीटर, पायापासूनची उंची ४३ मीटरहून अधिक. दगडावरची वेलबुट्टी गुप्तकाळातली. त्याच्या जवळचा धर्मराजिक स्तूप मात्र आज नुसता गोल चौथरा उरला आहे. तो अशोकाच्या काळातला. १७९४ साली बनारसमध्ये जगतगंज ही पेठ बांधायला त्याच्या विटा काढून नेल्या. त्या वेळी आत दगडी पेटी आणि तिच्यात करंडक सापडला. करंडकात अस्थी होत्या, त्या गंगेत सोडून दिल्या गेल्या. हे जोनाथन डंकन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळते. नंतरच्या काळात इथल्या मूर्ती आणि कोरीव दगड वरुणा नदीवरील पुलाच्या बांधकामात पाण्यात टाकले गेले. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८३४ ते १८३६ या काळात इथे खोदकाम केले. त्याआधी हे ठिकाण बुद्धाचे आहे हे गावालाही माहीत नव्हते. म्हणजे काशीला येणारे लाखो लोक दहा किलोमीटरवरून परत जात होते आणि इथल्या विटांवर पेठा उभ्या राहत होत्या!

मग संग्रहालय. ते १९१० साली उघडले. दारातून आत गेल्याबरोबर समोर चार सिंह. आई थबकली आणि म्हणाली, "हे तर नोटेवरचं!" ती उभी असते त्याहून कितीतरी उंच, जवळजवळ सात फूट, आणि दगड असा गुळगुळीत की काल घासून ठेवल्यासारखा. १९०४-०५ च्या खोदकामात तो ओर्टेल यांना सापडला आणि २६ जानेवारी १९५० पासून तो आपल्या प्रजासत्ताकाची राजमुद्रा आहे. आमच्या कचेरीत प्रत्येक सरकारी पत्राच्या माथ्यावर हे सिंह असतात. वीस वर्षे त्यांच्याखाली मी आवक-जावक क्रमांक टाकत आलो. खाली बैठकीवर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह, मधे मधे चक्रे. 'सत्यमेव जयते' ही अक्षरे दगडावर नाहीत, ती राजमुद्रेत नंतर घातलेली आहेत. मूळ सिंहांच्या डोक्यावर आणखी एक मोठे धम्मचक्र होते, त्याचे तुकडे सापडले आहेत. चक्र मोडले आणि सिंह राहिले. नोटेवर आपण पाहतो ते हे राहिलेले सिंह. ज्या खांबावर ते उभे होते त्याचा बुंधा बाहेर, जागच्या जागी आहे. त्यावर अशोकाने भिक्षुसंघात फूट पाडणाऱ्यांना ताकीद दिली आहे. आपल्या मंडळांच्या दोन-चार अध्यक्षांना तो बुंधा दाखवायला हवा.

मूलगंधकुटी विहार अनागारिक धम्मपालांच्या कष्टातून १९३१ साली उभा राहिला. आतली भित्तिचित्रे कोसेत्सु नोसू या जपानी चित्रकाराची. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद आटोपून परतताना बाबासाहेब बनारसला आले, तिथे त्यांची भाषणे झाली आणि ते सारनाथलाही येऊन गेले. पुढे दोन आठवड्यांच्या आत ६ डिसेंबर उजाडला. विहारात दान दिले तेव्हा पावतीसाठी नाव विचारले. मी सांगू लागलो तर आईने पेन मागून घेतले आणि साक्षरता वर्गात शिकलेल्या अक्षरांत स्वतःचे आणि त्याखाली आजीचे नाव लिहिले.

एवढ्यावर परत फिरू नका. लहरतारा तलाव आणि कबीरचौरा पाहा. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू मानले, आणि त्यांचे वडील रामजी कबीरपंथी होते. काशीत मरण आले तर मोक्ष, या समजुतीला तोंडावर उत्तर द्यायला कबीर अखेरच्या दिवसांत मगहरला गेले असे सांगतात. हिंदू विश्वविद्यालयाच्या पलीकडे सीर गोवर्धनपूर हे संत रविदासांचे गाव आहे. आम्ही गेलो तो माघी पौर्णिमेच्या आधीचा आठवडा होता. जयंतीसाठी मंडप उभे राहत होते, पंजाबातून आलेल्या बायाबापड्यांनी लंगर सुरू केला होता. आम्हाला जात न विचारता पंगतीत बसवले. चामड्याचे काम करणाऱ्या या संताने दुःख नसलेल्या, कर नसलेल्या नगराचे, बेगमपुराचे, स्वप्न पाहिले. त्या नावाची एक्सप्रेस गाडीही आज बनारसहून सुटते.

रामनगरचा किल्ला पलीकडच्या काठावर आहे, वेळ उरला तर पाहा. साडी घ्यायची असेल तर घाटावरच्या दलालामागे जाऊ नका. मदनपुऱ्यात विणकरांच्या मागावर साडी कशी होते ते आधी पाहा, मग भाव करा. आमच्या बायकांनी माग पाहिला आणि घासाघीस निम्मी कमी केली.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सारनाथचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, त्याप्रमाणे बेत आखा. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात, म्हणून म्हाताऱ्या माणसांना फेब्रुवारीत न्या. भिशी पुन्हा सुरू झाली आहे, या वेळी कुशीनगर. त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनीही पहिला हप्ता भरला आहे.