उघड्या फायली आणि कर्नेलचा हिशेब

संगणकातला 'फाइल' हा शब्द आपल्या कचेरीतल्या फायलीपेक्षा बराच मोठा आहे. 1969 साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली घडवायला घेतली. दस्तऐवज असो, कळफलक असो की छपाईयंत्र, प्रोग्रॅमने सगळ्यांशी फाइल समजूनच व्यवहार करायचा, ही दृष्टी तिच्यातून रुजली. पुढे दुसऱ्या संगणकाशी जुळलेला संपर्कही याच हिशेबात आला. त्यामुळे 'फार फायली उघड्या आहेत' असे म्हणून एखादा प्रोग्रॅम अडतो, तेव्हा त्याने हजार कागद उघडलेले असतीलच असे नाही. कदाचित हजार माणसे एकाच वेळी त्याच्याशी बोलू पाहत असतील.

हा हिशेब ठेवतो तो कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. कोल्हापूरच्या वाचकाला तो ग्रंथालयाच्या उदाहरणाने चटकन कळेल. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून या शहरात आहे, त्यामुळे पुस्तक मागायचे, नोंद करायची आणि वाचून परत द्यायचे, ही शिस्त येथे अनेक पिढ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. कर्नेलही तसाच वागतो. प्रोग्रॅमने फाइल मागितली की तो तिला क्रमांक देतो. 0, 1 आणि 2 हे पहिले तीन क्रमांक येणारा मजकूर, जाणारा मजकूर आणि चुकांचा मजकूर यांसाठी ठरलेले असतात. म्हणून पहिल्या खऱ्या फायलीला बहुधा 3 क्रमांक मिळतो. काम संपले की प्रोग्रॅमने ती मिटायची, म्हणजे क्रमांक दुसऱ्या फायलीसाठी मोकळा होतो.

मर्यादा दोन ठिकाणी असते. एक प्रत्येक सभासदाला, म्हणजे प्रत्येक चालू प्रोग्रॅमला. दुसरी अख्ख्या ग्रंथालयाला, म्हणजे पूर्ण यंत्राला. 1979 च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत एका प्रोग्रॅमला 20 फायली उघडता येत. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची पहिली आवृत्ती दिली, तिच्यातही आकडा 20 होता आणि पूर्ण यंत्राला मिळून 64. ज्यांनी नव्वदच्या दशकात डॉसवर हिशेबाचे प्रोग्रॅम चालवले, त्यांना सुरुवातीच्या फायलीत 'फाइल्स' या शब्दापुढे आकडा वाढवून लिहिल्याचे आठवत असेल. तीही हीच मर्यादा होती.

आजच्या लिनक्समध्ये प्रोग्रॅमच्या मर्यादेचे दोन थर आहेत. नरम मर्यादा बहुधा 1024 असते. नाव नरम असले तरी अडवते तीच. फक्त प्रोग्रॅमला ती स्वतःहून कडक मर्यादेपर्यंत वाढवून घेता येते. कडक मर्यादा वाढवण्याचा अधिकार यंत्राच्या व्यवस्थापकाचा. नरम आकडा अजून 1024 वरच का, यालाही कारण आहे. 'सिलेक्ट' नावाची एक जुनी सोय 1024 घरांचा तक्ता धरून बनलेली आहे. ती वापरणाऱ्या प्रोग्रॅमला 1024 किंवा त्यापुढचा क्रमांक मिळाला, तर तो शेजारच्या स्मृतीवर लिहू लागतो. पूर्ण यंत्राची मर्यादा मात्र कर्नेल स्मृती पाहून ठरवतो: एका उघड्या फायलीला साधारण एक किलोबाइट धरायचा आणि एकूण स्मृतीच्या दहाव्या हिश्शापलीकडे जायचे नाही. म्हणजे या आकड्यांमागे कंजूषपणा नाही, जमाखर्च आहे.

या जमाखर्चाची किंमत मला एका गळीत हंगामात दिसली. मी या भागातल्या संस्थांचे संगणक सांभाळतो. एका कारखान्याच्या वजनकाट्यावर पावती देणारा प्रोग्रॅम रात्री थांबला. तळावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग वाढू लागली. तोडलेला ऊस थांबेल तसा वाळतो, वजन घटते, साखरही घटते. आणि शेतकऱ्याला पैसे मिळतात ते वजनावर. नोंदवहीत चूक क्रमांक 24 होती, म्हणजे प्रोग्रॅमची स्वतःची मर्यादा संपली होती. यंत्राची संपली असती, तर 23 आला असता. मर्यादा 65,536 करून प्रोग्रॅम पुन्हा चालू केला आणि काटा हलला.

त्या रात्रीपुरते ते योग्यच होते. सकाळी प्रश्न उरला की हे 1024 क्रमांक धरून बसले होते कोण? चालू प्रोग्रॅमचे उघडे क्रमांक कर्नेल एका यादीत दाखवतो. ती पाहिली तर बहुतेक सारे काट्याशी झालेले जुने, संपलेले संपर्क होते. पावती छापली की संपर्क मिटायचा, ती एक ओळ प्रोग्रॅममध्ये नव्हती. प्रत्येक गाडीमागे एक क्रमांक कायमचा अडकत होता.

आता हिशेब करून पाहा. दिवसाला 500 वाहने धरली, तर 1024 क्रमांक दोन दिवसांत संपतात. 65,536 संपायला 131 दिवस लागतात, म्हणजे जवळजवळ अख्खा हंगाम. दोष तसाच राहिला असता आणि कोणाला कळलेही नसते. मोठा आकडा रोग बरा करत नाही, तो कधी दिसेल ती तारीख पुढे ढकलतो. खरोखर हजारो लोक एकाच वेळी येणार असतील, तर मर्यादा जरूर वाढवावी. पण आधी यादी पाहावी.

वाढवतानाही एक खाचखळगा आहे. मर्यादा प्रोग्रॅमला जन्मताना मिळते. माणूस लॉगिन करतो तेव्हा वाचली जाणारी सेटिंगची फाइल बदलली, तरी यंत्राबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या सेवांना ती लागू होत नाही. त्यांची मर्यादा त्यांच्या स्वतःच्या नोंदीत लिहून त्या पुन्हा चालू कराव्या लागतात. 'आकडा वाढवला, तरी काही होत नाही' या तक्रारीमागे अनेकदा एवढेच असते.

आपल्या पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी आहे आणि 43 फुटांची धोका पातळी. मधल्या चार फुटांत माणसे आणि गुरे हलवता येतात. कोणी धोक्याची खूण 50 फुटांवर नेऊन रंगवली म्हणून पाणी थांबणार नाही. उघड्या फायलींची संख्या रोज मोजायची आणि मर्यादेच्या बऱ्याच अलीकडे इशारा लावायचा, हे त्याच शहाणपणाचे काम आहे.