हेमंतातील शाकवाटिका : वाग्भटोक्त त्याज्य लक्षणांच्या कसोटीवर

औषधद्रव्य कोणत्या भूमीतील, कोणत्या ऋतूत संकलित केलेले, नवे की जुने, याची चौकशी केल्याशिवाय जाणकार वैद्य ते वापरीत नाही. औषधनिर्मातेही कच्च्या मालाच्या पारखीत काटेकोर असतात. परंतु रुग्णाच्या कागदावर ‘कोवळा मुळा’, ‘मेथी’, ‘चाकवत’ असे पथ्य लिहिताना ती भाजी कोठून व कोणत्या अवस्थेत येणार, याचा विचार क्वचितच होतो. पथ्य हेही द्रव्यच आहे. ते दूषित वा अवस्थाच्युत असेल, तर उत्तम औषधयोजनेचेही फळ उणावते. म्हणूनच चिकित्सालयाच्या वा औषधी दुकानाच्या मागे थोडी जरी मोकळी जागा असेल, तरी हिवाळ्यात तेथे शाकवाटिका असावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील अन्नस्वरूपविज्ञानीय अध्यायात वाग्भटाचार्यांनी त्याज्य धान्य व शाक यांची लक्षणे दिली आहेत. हिम, अग्नी, उष्णता, दुष्ट वारा आणि प्राण्यांची लाळ यांनी दूषित झालेले, जंतूंनी खाल्लेले, पाण्यात बुडालेले, अयोग्य भूमीत किंवा अकाली उपजलेले, अन्य धान्याची भेसळ असलेले आणि जुनेपणामुळे हीनवीर्य झालेले ते टाकावे. शाकाच्या बाबतीत आणखी काही दोष सांगितले आहेत. स्नेहाविना शिजविलेले, कोवळेपण सरलेले, रस न भरलेले आणि मुळा वगळता वाळलेले शाक वर्ज्य होय. ही यादी उलट बाजूने वाचली, तर शाकवाटिकेच्या रक्षणाची अनुक्रमणिकाच हाती येते.

भूमी आणि काल

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतील. पाऊस कमी आणि त्याचा मोठा भाग सप्टेंबरच्या आसपास. त्यामुळे हा परंपरेने रब्बीचा जिल्हा. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीतील मालदांडी ज्वारी ही या भूमी-काल संयोगाचीच देणगी आहे. भाजीपाल्यालाही हाच काळ अनुकूल. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत पहिली पेरणी करावी. त्यानंतर दर दहा दिवसांनी थोडे थोडे बी टाकीत जावे, म्हणजे कोवळी भाजी अखंड मिळते. फेब्रुवारीत ऊन तापू लागते, मेथी-कोथिंबीर फुलावर येते आणि पाने निबर होतात. तेव्हा पालेभाजीची शेवटची पेरणी संक्रांतीपूर्वीच उरकावी. पुढचे शाक आपल्याकडे ‘अनार्तव’च समजावे.

भारी काळ्या जमिनीत पाणी साचते, तेथे गादीवाफे करावेत. मुरमाड हलक्या जमिनीत भरपूर शेणखत घालून सपाट वाफे करावेत. ‘पाण्यात बुडालेले’ आणि ‘कोरडे पडलेले’ असे दोन्ही दोष यामुळे टळतात. गटाराशेजारची जागा आणि सांडपाणी मात्र सर्वथा टाळावे. पालेभाज्या पाण्यातील जड धातू पानांत साठवितात. ते धुऊन जात नाहीत. ‘अभूमिज’ या शब्दाचा आजचा अर्थ आमच्या मते हाच आहे.

हिम आणि वारा

आपल्याकडे निफाड परिसरासारखे दवबिंदू गोठण्याचे प्रसंग सहसा येत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत दिवसा तीस अंशांच्या आसपास ऊन आणि रात्री पंधरा अंशांच्या घरातील, क्वचित त्याहूनही कमी थंडी असते. दिवस-रात्रीची ही तफावत आणि पूर्वेकडील कोरडे वारे, हेच आपल्या वाटिकेचे खरे शत्रू. काळी जमीन वाळताना भेगाळते आणि कोवळी मुळे तुटतात. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे आच्छादन. कडब्याचे बारीक तुकडे किंवा तुरीचे भुसकट दोन बोटे जाडीने ओळींमध्ये पसरावे. ओल टिकते आणि माती रात्री एकदम गार पडत नाही. वाऱ्याच्या बाजूस ज्वारी वा मक्याची दाट ओळ धरावी. कडाक्याच्या थंडीची लाट आल्यास सायंकाळी मुळाशी हलके पाणी द्यावे. ओलसर माती उष्णता अधिक काळ धरून ठेवते. रोपांवर जुने सुती लुगडे काठ्यांच्या आधाराने ताणावे व सूर्योदयानंतर काढून घ्यावे. पाणी नेहमी मुळाशी द्यावे. रात्रभर ओली राहिलेली पाने रोगाला आमंत्रण देतात.

जंतू आणि जनावरे

ढगाळ हवेत मावा वाढतो. कोरडा दिवस व थंड रात्र यांत, विशेषतः दाट पेरणीत, भुरी पसरते. म्हणून विरळणी हाच पहिला उपचार. हे निदानपरिवर्जनच होय. माव्यासाठी पन्नास ग्रॅम निंबोळी चूर्ण एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावे, सकाळी गाळून किंचित साबण मिसळावा आणि सायंकाळी फवारावे. त्यानंतर तीन-चार दिवस भाजी तोडू नये. वाफ्याच्या कडेने झेंडू लावल्यास मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा उपद्रव कमी होतो. मेथी व अळिवाचे बी मुंग्या ओढून नेतात, त्यामुळे बी उघडे न ठेवता लगेच मातीने झाकावे. मोकाट जनावरांसाठी काटेरी कुंपण हवेच. लाळेच्या दोषाचा उल्लेख ग्रंथात उगाच आलेला नाही.

कोवळेपण : अवस्था हाच गुण

शाकवाटिकेचा खरा लाभ येथे आहे. चरकाचार्यांच्या मते कोवळा मुळा दोषहर, तर जुना मुळा त्रिदोषकर. स्नेहात सिद्ध केलेला मुळा वातहर आणि वाळलेला मुळा कफवातनाशक. द्रव्य एकच, पण अवस्था व संस्कार बदलताच कर्म बदलते. बाजारातील मुळा वजनावर विकला जात असल्याने तो पुरता पोसल्याशिवाय उपटला जात नाही. घरच्या वाफ्यातील मुळा मात्र पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी, बोटाएवढा असतानाच काढता येतो. मेथीही साधारण महिन्याभरात कापावी. लसणाच्या कुड्या ऑक्टोबरअखेर टोचल्या, तर दीड-दोन महिन्यांत कोवळी पात हाती येते. मुळा वा लसूण खाल्ल्यावर दूध घेऊ नये, हा विरुद्धाहाराचा नियम भाजी देतानाच रुग्णास सांगावा.

औषधनिर्मात्यांसाठी : पेरून पाहणे

भावप्रकाशातील चतुर्बीज, म्हणजे मेथी, अळीव, काळाजाजी (कलौंजी) आणि ओवा, ही चारही पिके आपल्याकडे रब्बीत येतात. एकेका वाफ्यात ती जरूर लावावीत. उत्पन्नासाठी नव्हे, तर परीक्षेसाठी. ओल्या फडक्यावर शंभर दाणे पसरून किती अंकुरतात हे मोजले, तर बियांचा जुनेपणा ध्यानी येतो. वाग्भटोक्त हीनवीर्यतेची ही घरगुती कसोटी आहे. कलौंजीत कांद्याचे बी मिसळले जाते, हे अनेक व्यवसायबंधूंना ठाऊक आहे. दोन्ही काळेच असल्याने चटकन ओळखू येत नाही. पण पेरल्यावर कलौंजीला शेपूसारखी चिरलेली पाने येतात आणि कांद्याची पोकळ पात लपत नाही. शाकांत श्रेष्ठ मानलेली जीवंती कुंपणावर चढवावी. केरळात होलोस्टेमा ही वेगळी वेल जीवंती म्हणून वापरली जाते. म्हणून ओळख पटलेले रोप दारी असलेले बरे.

स्नेहसिद्ध शाक

हेमंतात जाठराग्नी प्रबळ असतो. अशा वेळी रूक्ष पालेभाजी एकटीच दिली, तर वातवृद्धी ठरलेली. भोगीच्या दिवशी आपल्या घरोघरी वांगे, गाजर, पावटा, ओला हरभरा यांची भाजी तीळकूट घालून होते आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी व लोणी असते. ‘रूक्षसिद्ध’ हा दोष टाळण्याचा पाठ येथील गृहिणी सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेबरोबर दरवर्षी गिरवीत आल्या आहेत. रुग्णास पालेभाजी सांगताना तिचा हा संस्कारही लिहून द्यावा.

दहा फूट लांब व तितकीच रुंद जागा यासाठी पुरेशी आहे. सर्व रुग्णांना त्यातून भाजी पुरणार नाही, आणि तसा हेतूही नाही. कोवळा मुळा म्हणजे नेमका केवढा, ताज्या मेथीचा वास कसा, खरी कलौंजी कशी उगवते, हे वैद्याने स्वतः पाहिलेले असावे आणि रुग्णालाही दाखविता यावे. व्यवसायबंधूंनी येत्या घटस्थापनेस एक तरी वाफा तयार करावा, अशी विनंती आहे. एकदा हाताने उपटलेला कोवळा मुळा रुग्णाच्या हाती ठेवला, की पथ्याची वेगळी व्याख्या सांगण्याची गरज उरत नाही.