सराफ्याची रात्र, हृदयाची पहाट

इंदूरच्या राजवाड्याजवळ, सराफ्यात, रात्री दागिन्यांच्या दुकानांची शटरं खाली येतात आणि त्यांच्याच ओट्यांपुढे कढया चढतात. भुट्ट्याचा कीस, दहीवडा, जलेबा आणि थंडीत गराडू : खरपूस तळलेल्या फोडींवर मसाला भुरभुरायचा, लिंबू पिळायचं की द्रोण पुढे. गिऱ्हाईक खाऊन घरी जातं. कढईमागचा माणूस भांडी आवरून, ओटा धुऊन, पहाटे कधीतरी अंथरुणाला पाठ टेकतो. रात्रीच्या सराफ्याची चिंता करायचीच तर ती गिऱ्हाइकाच्या आधी या माणसाची करायला हवी.

या चिंतेचं मूळ शरीराच्या वेळापत्रकात आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी असतात. ताणाचं संप्रेरक म्हणून बदनाम झालेलं कॉर्टिसॉल तिथे तयार होतं. ते रोजच लागतं. त्याचं वेळापत्रक मेंदूतलं मुख्य घड्याळ लावतं, आणि त्या घड्याळाला वेळ सांगतो तो डोळ्यांतून आत येणारा उजेड. रात्री झोपणाऱ्या माणसात कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं, पहाटे चढू लागतं, जागं झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं आणि मग दिवसभर उतरत जातं.

सकाळच्या या चढणीच्या सुमारास रक्तदाब वाढतो, रक्तातल्या चकत्या (प्लेटलेट्स) अधिक चिकट होतात आणि गुठळी विरघळवण्याची शरीराची ताकद थोडी मंदावते. अमेरिकेत जेम्स मुलर आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवून दिलं की हृदयविकाराचे झटके चोवीस तासांत सारखे विखुरलेले नसतात. सकाळी नऊच्या आसपास त्यांचं प्रमाण सर्वाधिक, तर रात्री अकराच्या सुमारास सर्वांत कमी होतं. दोहोंत सुमारे तिपटीचा फरक. याचा दोष एकट्या कॉर्टिसॉलला देता येत नाही, पण सकाळच्या चढणीत तेही सामील असतं.

मग सकाळची चढण जितकी उंच, तितका धोका मोठा? लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासाचं उत्तर वेगळं आहे. चार हजारांहून अधिक जणांच्या लाळेचे नमुने एकाच दिवसात सहा वेळा घेतले गेले आणि पुढे काही वर्षं त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवलं गेलं. २०११ साली निष्कर्ष आले. सकाळच्या पातळीचा मृत्यूशी संबंध दिसला नाही. दिवसभरात ज्यांचं कॉर्टिसॉल नीट उतरत नव्हतं, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त होते. सपाट उतार हे कारण की आधीच्या आजाराची खूण, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. तरी लक्ष शिखरावरून उताराकडे वळलं.

रात्रपाळी घाव घालते ती याच उतारावर. २००९ साली बोस्टनमध्ये दहा जणांची झोप-जाग प्रयोगशाळेत सरकवत सरकवत उलटी केली, तर त्यांच्या कॉर्टिसॉलची लय झोपेच्या संदर्भात उलटली आणि सरासरी रक्तदाब सुमारे तीन टक्क्यांनी वाढला. वीस लाखांहून अधिक लोकांची माहिती असलेल्या ३४ अभ्यासांचा २०१२ साली एकत्र विचार झाला. पाळीत काम करणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी अधिक आढळलं.

इंदूरमध्ये हा प्रश्न सराफ्यापुरता राहिलेला नाही. २०२२ साली बीआरटीएस या जलद बससेवेच्या मार्गालगतची दुकानं, खाद्यगृहं आणि कार्यालयं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली. २०२४ साली ती मागे घेतली गेली. वाद रंगला तो गोंगाट, दारू आणि कायदा-सुव्यवस्थेवर. पण परवानगी गेली म्हणून रात्रीचं काम संपत नाही. रुग्णालयातली परिचारिका, एटीएमचा पहारेकरी, रिक्षावाला, परदेशी गिऱ्हाइकांशी बोलणारा संगणक-कर्मचारी जागेच असतात.

यांच्यासाठी करण्यासारखं बरंच आहे, आणि महाग नाही. पाळी आठवड्या-आठवड्याला उलटीसुलटी फिरवू नये. घरी परतणाऱ्याला अंधारी, शांत खोली आणि सलग झोप मिळावी. रक्तदाबाच्या गोळीचीही एक अडचण सुटली आहे : ती सकाळी घ्यावी की रात्री, यावर ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत २०२२ साली फरक आढळला नाही. जी वेळ चुकणार नाही ती आपली.

उरली तपासणी. कॉर्टिसॉलसाठी रक्त साधारणपणे सकाळी आठच्या सुमारास घेतात, कारण माणूस रात्री झोपला आहे असं गृहीत धरलेलं असतं. पहाटे चारला आडवं झालेल्याच्या बाबतीत तोच आकडा दिशाभूल करू शकतो. म्हणून केसपेपरवर वय आणि वजनाच्या शेजारी आणखी एक रकाना हवा : झोपता किती वाजता, उठता किती वाजता?