हेलिकॉप्टरची प्रतिकृती आणि तळहातावरची पट्टी

दूरनियंत्रणाने उडणारी छोटी हेलिकॉप्टरे आता बाजारात सहज मिळतात. ती उडवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "सर, हे एका जागी का राहत नाही?" याचे उत्तर विज्ञानाच्या तासाला तर उपयोगी आहेच, पण हा छंद कसा सुरू करावा हेही त्यावरूनच ठरते.

मुख्य पंख्याची पाती हवा खाली ढकलतात व प्रतिक्रिया म्हणून हेलिकॉप्टर वर उचलले जाते. मोटर पंख्याला एका दिशेने फिरवते, तेव्हा धड उलट दिशेने फिरू पाहते. त्याला थोपवण्यासाठी शेपटीवर छोटा उभा पंखा असतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची ही दोन उदाहरणे एकाच यंत्रात दिसतात. उडवणाऱ्याला चार गोष्टी सांभाळाव्या लागतात : उंची, पुढे-मागे कलणे, डावी-उजवीकडे कलणे आणि नाकाची दिशा. शिवाय त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. वर जाण्यासाठी पात्यांचा कोन वाढवला, की मोटरला अधिक जोर लावावा लागतो आणि लगेच शेपूट सरकू लागते.

अस्थिर समतोल

खरी अडचण याहून वेगळी आहे. कललेले हेलिकॉप्टर आपोआप स्थिर होत नाही. पंख्याचे बलही कलते, यंत्र बाजूला घसरू लागते आणि ते सावरले नाही, तर त्याचे हेलकावे वाढत जातात. हवेत एका जागी राहणे म्हणजे स्वस्थ राहणे नव्हे. ते क्षणोक्षणी केलेल्या दुरुस्त्यांचे फळ असते.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. तळहातावर १०० सेंटिमीटरची मीटरपट्टी उभी तोलून धरा. थोड्या सरावाने जमते. आता १६ सेंटिमीटरची पेन्सिल घ्या. ती काही केल्या उभी राहत नाही. उभी वस्तू कलंडण्यास लागणारा वेळ तिच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. लांबीचे गुणोत्तर ६.२५, त्याचे वर्गमूळ २.५. म्हणजे पेन्सिल अडीचपट लवकर पडते आणि आपला हात तिला गाठू शकत नाही.

हेलिकॉप्टरचेही ढोबळमानाने असेच आहे. 'चेतक' हेलिकॉप्टरच्या मुख्य पंख्याचा व्यास सुमारे ११ मीटर आहे. त्याची सोळापट लहान, म्हणजे ७० सेंटिमीटर पंख्याची प्रतिकृती सुमारे चौपट चपळ असते. आकाराने लहान म्हणून ती सोपी, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

यावरचा एक उपाय प्रतिकृतींमधूनच सापडला. अमेरिकेतील आर्थर यंग यांनी १९२८ पासून अनेक वर्षे छोट्या प्रतिकृतींवर प्रयोग केले. पात्यांना काटकोनात, टोकांना वजने असलेला दांडा जोडला, तर पंखा स्थिर राहतो, असे त्यांना आढळले. १९४१ मध्ये त्यांनी आपली प्रतिकृती बेल कंपनीला उडवून दाखवली. त्यातून घडलेल्या 'बेल ४७' ला १९४६ मध्ये नागरी वापराचा परवाना मिळाला. पुढे १९७० च्या सुमारास जर्मनीतील डीटर श्ल्यूटर यांनी रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर भरवशाने उडवून दाखवले आणि छंदाला सुरुवात झाली. आज दांड्याचे काम इलेक्ट्रॉनिक जायरो करतो. तो सेकंदाला शेकडो वेळा यंत्राची हालचाल मोजून दुरुस्ती सुचवतो.

सुरुवात कशी करावी?

आधी संगणकावरील सराव-प्रणालीवर हात बसवावा. तेथे पाती मोडत नाहीत. मग उलटसुलट फिरणारे दोन पंखे असलेले हलके हेलिकॉप्टर बंद खोलीत उडवावे. मोठ्या प्रतिकृतीच्या खाली आडव्या-उभ्या काठ्यांची फुली बांधली, तर ती उतरताना उलटत नाही. प्रथम शेपूट आपल्याकडे ठेवून फक्त एका जागी राहण्याचा सराव करावा. नाक आपल्याकडे वळले, की डावे-उजवे उलटते. मुलांकडे तोंड करून कवायत घेणाऱ्या शिक्षकांना ही अडचण परिचयाची असेल! ही स्थिती साधल्यावरच दूर उडवावे.

धोक्याचा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. ७० सेंटिमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४०. परीघ २.२ मीटर. म्हणजे पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ८८ मीटर, ताशी ३०० किलोमीटरहून अधिक! हे खेळणे नव्हे. असे यंत्र जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, मोकळ्या मैदानात, बघ्यांना दूर ठेवूनच उडवावे. लिथियम-पॉलिमर बॅटरी फुगली असल्यास वापरू नये आणि चार्ज होत असताना तिच्याजवळून हलू नये.

भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल विभाग केले आहेत. आपले मैदान कोणत्या विभागात येते, हे आधी पाहावे. नियमांतील सर्वांत लहान गट २५० ग्रॅमपर्यंतचा आहे. शाळेने सुरुवात करायची, तर याच गटातून करावी.

हेलिकॉप्टर विकत घेणे शक्य नसले, तरी मीटरपट्टी आणि पेन्सिल प्रत्येक शाळेत असते. अस्थिर समतोलाचा पहिला धडा तेवढ्यातही होतो.