पुढच्या मोसमात नसलेला संघ

२८ जानेवारी २०१७ ला दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर महिलांची पहिली इंडियन विमेन्स लीग सुरू झाली, तेव्हा सहा संघांत एक आपला होता, एफसी पुणे सिटी. आयएसएलमधल्या दुसऱ्या एकाही क्लबने त्या वर्षी महिलांचा संघ उतरवला नव्हता. फुटबॉलवेडं कोलकाता, गोवा, केरळ यांच्या आधी पुण्याने नाव नोंदवलं, याचा आपल्याकडे फारसा कुणी उल्लेखही करत नाही.

पुण्याला जेतेपद मिळालं नाही. १४ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट क्लबला ३-० असं हरवलं. पहिल्याच वर्षी करंडक यावा, अशी अपेक्षा कुणी करणारही नाही. खंत वेगळीच आहे. २०१८ मध्ये शिलाँगला दुसरा मोसम झाला, तेव्हा संघांच्या यादीत पुणे नव्हतं.

या भागात व्यावसायिक फुटबॉल रुजवायचे प्रयत्न काही कमी झाले नाहीत. २००७ मध्ये पुणे एफसी आला. देहूरोडजवळ मामुर्डीला त्याचं मैदान आणि अकादमी उभी राहिली, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये तो उपविजेताही झाला. २०१५ मध्ये क्लब बंद पडला. त्याची अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली, आणि २०१९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे तोही गेला. त्याची जागा हैदराबादला मिळाली. मालकाने हात आखडला की सगळा डोलारा खाली येतो, आणि त्यात पहिला बळी महिलांच्या संघाचा जातो. पुरुषांचा संघ निदान बातमी होऊन जातो.

आता केरळच्या गोकुलमकडे बघा. शिलाँगच्या त्या यादीत हा क्लब नवखा होता. पहिल्या मोसमात उपांत्य फेरीसुद्धा गाठता आली नाही. तरी पुढच्या वर्षी संघ पुन्हा उतरला आणि उपांत्य फेरीत मणिपूर पोलिसांकडून हरला. त्याच्या पुढच्या वर्षीही उतरला. १४ फेब्रुवारी २०२० ला बेंगळुरूत क्रिफ्सा संघाविरुद्ध अंतिम सामना २-२ असा अडला होता. शेवटची काही मिनिटं उरली असताना नेपाळच्या सबित्रा भंडारीने गोल केला आणि गोकुलम विजेता ठरला. पुण्याचा संघ ज्या स्पर्धेत खेळला, तिच्या अंतिम सामन्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. मी या दोन तारखा शेजारी ठेवतो, तेव्हा पुण्याच्या मुलींना न मिळालेली तीन वर्षं डोळ्यांपुढे येतात.

पुढे २०२१ मध्ये गोकुलम जॉर्डनमधल्या अकाबाला आशियाई क्लब स्पर्धेत खेळला. पहिले दोन सामने हरला, तिसऱ्यात उझबेकिस्तानच्या बुन्योदकोरला ३-१ ने हरवलं. त्यात गोल करणारी पंजाबची मनीषा कल्याण पुढच्या वर्षी सायप्रसच्या अपोलोन लेडीजकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. असं करणारी ती पहिली भारतीय. २०२१-२२ च्या लीगमध्ये गोकुलमने अकराच्या अकरा सामने जिंकले. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतीय महासंघावर बंदी घातली, आणि आशियाई स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोहोचलेल्या या मुलींना एकही सामना न खेळता परतावं लागलं. चूक प्रशासनाची आणि शिक्षा खेळाडूंना, हे अजूनही पचत नाही. तरी मे २०२३ मध्ये गोकुलमने सलग तिसरं जेतेपद घेतलं, अंतिम सामन्यात किकस्टार्टला ५-० ने हरवून.

पुण्यातला क्लब मिटल्यानंतर खुद्द आपल्या उंबरठ्यावर, बालेवाडीत, २०२२ च्या महिला आशियाई चषकाचे सामने झाले. वाकडपासून हाकेच्या अंतरावर. ३० जानेवारीला दक्षिण कोरियाच्या जी सो-युनने सामना संपत आलेला असताना लांबून असा फटका मारला, की सॅम करची ऑस्ट्रेलिया तिथेच गारद झाली. ३ फेब्रुवारीला उपांत्य सामन्यात जपान जादा वेळेच्या अगदी शेवटापर्यंत चीनच्या २-१ ने पुढे होता. वांग शानशानने ११९ व्या मिनिटाला बरोबरी साधली, मग पेनल्टीत गोलरक्षक झू यूने दोन फटके अडवले आणि चीन अंतिम फेरीत गेला. भारताची मोहीम मात्र नवी मुंबईतच संपली होती. संघात करोना पसरला आणि चिनी तैपेईविरुद्ध उतरवायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत. एवढी मोठी स्पर्धा दाराशी आली, आणि तिच्यामागून मुलींना हाताशी धरणारा व्यावसायिक क्लब शहरात नव्हता.

पिंपरी-चिंचवडसारख्या कारखान्यांच्या पट्ट्यात असा क्लब टिकणार नाही, असं कुणी म्हटलं तर इंग्लंडमधल्या प्रेस्टनचा दाखला द्यावा. डिक, कर अँड कंपनीत पहिल्या महायुद्धाच्या काळात दारूगोळा बनवणाऱ्या कामगार बायकांनी १९१७ च्या नाताळात जखमी सैनिकांसाठी पैसे उभे करायला सामना खेळला. दहा हजार माणसं आली. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ५३ हजार प्रेक्षक होते. वर्षभरातच, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लिश फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. ती बंदी उठायला १९७१ उजाडलं. मधल्या काळात कंपनीशीही फाटलं, तिचं मैदान गेलं. व्यवस्थापक आल्फ्रेड फ्रँकलंड यांनी खेळाडूंना व्हिटिंगहॅमच्या रुग्णालयात नोकऱ्या मिळवून दिल्या, १९२६ मध्ये नाव बदलून ‘प्रेस्टन लेडीज’ केलं आणि क्लब १९६५ पर्यंत चालला. या संघातली लिली पार त्याच रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करत खेळत राहिली.

आपल्याकडे असा आधार कोल्हापूरने पाहिला आहे. तिथलं फुटबॉल पेठा आणि तालमींनी जपलं, आणि लीगमध्ये महिलांचा संघही एफसी कोल्हापूर सिटीच्या रूपाने तिथूनच गेला. पिंपरी-चिंचवडला तालमींची जागा कंपन्यांच्या गेटांनी घेतली आहे. टाटा मोटर्सच्या पुणे प्रकल्पात हॅरियर आणि सफारीच्या जुळणीची अख्खी लाइन महिला चालवतात, पंधराशेहून अधिक जणी. चाकणच्या वसाहतीतही शिफ्टच्या बस भरून मुली उतरतात. त्यांच्यातल्या अकरा जणींना आणि वस्तीतल्या शाळकरी मुलींना एक मैदान, एक प्रशिक्षक आणि सकाळच्या पाळीनंतरचे दोन तास हवे आहेत. एखाद्या कंपनीने हे द्यावं, आणि देताना करार पाच मोसमांचा करावा, एका मोसमाचा नव्हे.